चार शहरांचं ऊन

परक्या शहरात पोचले की मी आधी नकाशा उघडते आणि उत्तर दिशा शोधते. कुठला रस्ता पूर्व-पश्चिम जातो, कुठली भिंत सकाळी उजळेल, पाणी कुठल्या अंगाला आहे, एवढं कळलं की गळ्यात कॅमेरा अडकवून खुशाल भटकायचं. बघण्याची स्थळं नंतर. शहराचा फोटो म्हणजे माझ्या लेखी तिथल्या उन्हाचा फोटो.

लिस्बनमध्ये ऊन पायाखालूनही येतं. तिथले पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या छोट्या दगडांचे, मधूनमधून काळ्या बसाल्टची नक्षी. पावलांनी घासून ते इतके गुळगुळीत झालेत की सावलीत उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही खालच्या उजेडानं उजळतो. १७५५ च्या भूकंपानंतर तेव्हाचा मंत्री पोंबाल याच्या देखरेखीखाली नव्यानं उभा राहिलेला बैशा भाग सरळ रेघांचा आहे, दुपारचं ऊन टेगस नदीकडून थेट रस्त्यात शिरतं. शेजारच्या आल्फामातल्या बोळांत मात्र त्याला जागाच नाही. कुणाच्या तरी खिडकीखालच्या दोरीवरच्या चादरींमधून जेवढं गळेल तेवढंच.

इस्तंबूलला संध्याकाळ गाठावी. एमिनोन्यूहून काडिकॉयला जाणाऱ्या फेरीबोटीच्या मागच्या डेकवर उभं राहायचं. बोट आशियाकडे निघालेली, सूर्य युरोपात मावळत असलेला. आयासोफियाचा घुमट आणि मिनार काळेभोर होत जातात, आणि प्रवाशांनी उडवलेल्या सिमितच्या, म्हणजे तीळ लावलेल्या कडेपावाच्या, तुकड्यांमागे सीगल फ्रेममध्ये आपणहून येतात.

माझा सगळ्यात जास्त जीव जडला तो केप टाउनवर. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो हे शाळेत शिकलो होतो, पण ते अंगावर घेणं वेगळं. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. केप टाउनला तो कधीच डोक्यावर येत नाही. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की तो उजवीकडून डावीकडे सरकतो! कुठली सावली कधी कुठे पडेल याचे आपले सगळे अंदाज उलटे करावे लागतात. टेबल माउंटनची शहराकडची बाजू उत्तरेची, त्यामुळे जून-जुलैच्या थंडीत, पाऊस उघडला की, कलतं ऊन भर दुपारीही त्या कड्याच्या घळीन् घळी उजळवतं. १०८५ मीटरचा डोंगर, पण हात लांबवला तर लागेल असा वाटतो. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटला की माथ्यावरून ढग पांढऱ्या चादरीसारखा खाली ओघळतो आणि निम्म्यावर विरून जातो. तो नुसता बघत बसावा.

तिथलं बो-काप मात्र सकाळीच बघावं. सिग्नल हिलच्या पूर्व उतारावरची गुलाबी, पोपटी, निळी घरं कोवळ्या उन्हात समोरून उजळतात. डच लोकांनी आशियातून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांची ही वस्ती. त्या माणसांत हिंदुस्थानातलेही बरेच होते. १७९४ ची औवल मशीद, त्या देशातली पहिली, इथेच आहे. लोक या घरांच्या पायऱ्यांवर बसून बिनदिक्कत फोटो काढून घेतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण दाराआड संसार आहेत. मी एका आजींना विचारलं, त्यांनी हसून मान हलवली, आणि हातातला झाडू बाजूला न ठेवता त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता फोटो तो.

न्यूयॉर्कला ऊन रस्त्यांच्या आखणीवर चालतं. १८११ च्या आराखड्यानं मॅनहॅटनचे रस्ते खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंश कलते आखले. म्हणून मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याजवळ मावळता सूर्य आडव्या रस्त्यांच्या बरोबर टोकाशी येतो. याला मॅनहॅटनहेंज म्हणतात. चौतिसाव्या किंवा बेचाळिसाव्या रस्त्यावर, जमेल तितकं पूर्वेला, पण पलीकडचं न्यू जर्सी दिसेल असं उभं राहा. गर्दी फार होते, तेव्हा लवकर जा. ढग आले तरी लगेच परतीचं तिकीट काढू नका: एका संध्याकाळी पूर्ण बिंब दिसतं, तर लगतच्या संध्याकाळी अर्धं.