४७० वर अडलेला सर्व्हर

नव्या मेसेजिंग सर्व्हरवर मुद्दाम भरपूर कनेक्शनचा भार टाकून पाहणारी लोड टेस्ट चालू होती आणि आकडा हलत नव्हता. सुरुवातीचे काही सेकंद कनेक्शन धडाधड जुळायची, मग वेग सेकंदाला ४७० च्या आसपास येऊन बसायचा. मेमरी वाढवली, थ्रेड वाढवले, तरी तेच. रिलीज तोंडावर आलेलं आणि सगळा रोख डेव्हलपरांवर.

मला खटकत होतं ते हे की सर्व्हरचा सीपीयू जवळजवळ रिकामा होता. दमलेला सर्व्हर इतका निवांत नसतो. म्हणून टेस्ट चालवणाऱ्या लिनक्स मशीनचा लॉग उघडला. पानंच्या पानं एकच एरर: 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस', म्हणजे मागितलेला ॲड्रेस देता येत नाही. ही तक्रार क्लायंटच्या, म्हणजे सर्व्हरला जोडू पाहणाऱ्या टेस्ट प्रोग्रामच्या बाजूची.

मग कागद घेतला. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला लिनक्स ३२७६८ ते ६०९९९ यांतला एखादा पोर्ट (मशीनवरचा क्रमांक दिलेला दरवाजाच जणू) देतं, म्हणजे एकूण २८,२३२. जी बाजू कनेक्शन आधी बंद करते तिचा पोर्ट ६० सेकंद टाइम-वेट नावाच्या थांब्यात अडकतो; जुनं भरकटलेलं पॅकेट नव्या कनेक्शनमध्ये शिरू नये म्हणून. आमच्याकडे आधी बंद करणारा होता क्लायंट. २८,२३२ भागिले ६०, उत्तर ४७०.

शेजारचा डेव्हलपर खुर्चीतून उठलाच. "अरे, म्हणजे सर्व्हर सुटला!"

ही कनेक्शन टीसीपी नावाच्या नियमांनी चालतात आणि त्यात कनेक्शनची ओळख चार गोष्टींनी ठरते: दोन्हीकडचे आयपी ॲड्रेस, दोन्हीकडचे पोर्ट. ॲड्रेस बदलला की पोर्टचा अख्खा साठा नव्याने मिळतो. टेस्ट मशीनला आणखी काही आयपी जोडले, क्लायंट त्यांवर आळीपाळीने बाइंड केले, म्हणजे त्या ॲड्रेसवरून बाहेर पडायला लावले, आणि वेग सरसर चढला.

पण सर्व्हर सुटला नव्हता. कनेक्शन उघडी ठेवून पाहिलं, तर हजारो जोडलेली असताना 'ऑनलाइन' यादीत नोंदी मात्र जितके आयपी तितक्याच! कोड क्लायंटला नुसत्या आयपीवरून ओळखत होता. त्याच ॲड्रेसवरून दुसरा आला की पहिल्याची नोंद पुसली जायची. मोबाइल नेटवर्कवर तर कॅरियर ग्रेड नॅट, म्हणजे कंपनीनेच एक ॲड्रेस अनेकांत वाटून देण्याची सोय, तिच्यामागचे कितीतरी ग्राहक एकाच सार्वजनिक ॲड्रेसने बाहेर पडतात. एकाचा खासगी मेसेज दुसऱ्याच्या हाती पडला असता. एवढ्यासाठी रिलीज थांबवायलाच हवं, असं मी ठामपणे सांगितलं, आणि ते थांबलं.

ॲड्रेस आणि पोर्ट मिळून एक ओळख धरणारा बदल आला. यादीतला आकडा उघड्या कनेक्शनांशी तंतोतंत जुळला, तेव्हाच मी टेस्ट पास केली.