भिंतीचे थर, चित्राचे थर

गायतोंडेंचं चित्र प्रत्यक्ष समोर आलं की मला आधी रंग दिसत नाही, खोलपणा दिसतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924–2001) रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, कागदाचे तुकडे टेकवून ओला रंग उचलूनही घ्यायचे. रंग लावण्याइतकंच तो काढणं म्हणजेही चित्र काढणं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

दुसरी प्रेरणा म्हणजे रत्नागिरीकडच्या आमच्या घराची मागची भिंत. चिऱ्याची, वर चुन्याचे कितीतरी हात. पावसाळ्यात पोपडे सुटले की खालचा नीळ घातलेला जुना चुना दिसतो. तो निळा कुठल्याच ट्यूबमध्ये मिळत नाही.

म्हणून सध्या प्लायवर काम करतेय. आधी जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात. मग पातळ केलेल्या फेव्हिकॉलने जुन्या सुती साडीचा तुकडा चिकटवायचा, सुरकुत्या तशाच ठेवून. वाळला की गेरू अ‍ॅक्रिलिक मिडियममध्ये, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रवात, कालवून फासायचा. नुसत्या पाण्यात कालवला तर हाताला लागतो. त्यावर निळा, त्यावर पांढरा. मग पॉलिश पेपर. घासताना सुरकुतीच्या माथ्यावरचा रंग आधी जातो आणि साडीचा काठ हळूहळू वर येतो. याच्याइतका आनंद मला दुसऱ्या कशात होत नाही. तैलरंग हवाच असेल तर अगदी शेवटी, कारण त्याच्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पुढे सुटतं.

पुढच्या प्लायवर चिऱ्याची भुकटी घालणार आहे. वस्त्रगाळ नाही, जाडसरच.