दोन हातांचा रॉड, खिशाला झेपेल तेवढ्यात

मासेमारी करताना मागे झाडी असली की एका हाताने फ्लाय (पिसं-दोऱ्याचा खोटा किडा) फेकणं अवघड होतं, कारण लाइन मागे पसरायला जागाच मिळत नाही. स्पे कास्टिंगमध्ये, म्हणजे लांब रॉड दोन्ही हातांनी धरून फेकण्यात, लाइन मागे पूर्ण जात नाही. तिचं टोक पाण्यावर टेकतं, रॉडच्या मागे इंग्रजी डी अक्षरासारखा फुगारा तयार होतो आणि तिथूनच ती पुढे सुटते. ही पद्धत स्कॉटलंडच्या स्पे नदीवर रुजली, नावही तिथलंच. नदी रुंद, पाठीला झाडं, त्यामुळे मला हेच शिकायचं होतं. पैसे मात्र मोजकेच होते.

बजेटचा मोठा वाटा मी रॉडसाठी काढून ठेवला, ही माझी पहिली चूक. सुदैवाने साडेबारा फुटी, ७ वेटचा (रॉडला किती जड लाइन चालते, तो क्रमांक), चार तुकड्यांचा वापरलेला रॉड मिळाला. घेण्याआधी कापसाचा बोळा लाइन ओवायच्या प्रत्येक कड्यातून फिरवला. जिथे कापसाचा तंतू अडकतो तिथे चीर असते आणि ती महागडी लाइन खरवडून काढते. सगळे तुकडे जोडून रॉड हलवला, सांध्यातून टकटक येत नाही याची खात्री केली. वापरलेला रॉड घेण्यात मला आजही काही गैर वाटत नाही.

खरा घोळ लाइनमध्ये झाला. माझ्याकडे एकहाती रॉडची ८ वेटची लाइन पडून होती. रॉड ७ चा, लाइन ८ ची, म्हणजे वजन भरपूर, असा माझा हिशेब. पाण्यात उतरलो, तर लाइन वीस-पंचवीस फुटांवर गोळा होऊन पडायची. रॉड वाकतच नव्हता. तासाभरात खांदे भरून आले आणि मला वाटलं, आपलाच हात चुकतोय.

हात चुकत होताच, पण मूळ कारण वेगळं होतं. एकहाती आणि दोनहाती रॉडचे आकडे एकाच मापाचे नसतात. एकहाती ८ वेटच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण २१० ग्रेन (लाइनच्या वजनाचं बारीक माप) भरतात. माझ्या ७ वेटच्या दोनहाती रॉडला हवे होते सुमारे ५०० ग्रेन. निम्म्याहून कमी वजनावर तो वाकणार कसा? म्हणून आता कोणी विचारलं, तर मी आधी ग्रेन बघायला सांगतो. बऱ्याच रॉडवर मुठीच्या वर हा आकडा छापलेलाही असतो. मी तो वाचला होता, पण अर्थ लागला नव्हता.

दोनहाती लाइनचा पुढचा जड भाग म्हणजे हेड. ही हेडं दोन जातींची मिळतात. स्कॅजिट आखूड आणि जड, त्याच्यापुढे जोडलेला बुडणारा तुकडा, म्हणजे टिप, आणि मोठी फ्लाय सहज जाते. स्कँडी त्याहून लांब, पुढे निमुळतं होत गेलेलं, हलक्या फ्लायसाठी. दोन्ही घ्यायची ऐपत नव्हती. मी स्कॅजिट निवडलं, कारण त्यात लाइन पाण्यावर टेकवून ठेवता येते, घाई करावी लागत नाही. शिकणाऱ्याला तेवढी उसंत फार मोलाची. शिवाय टिपच्या पुढे तीन-चार फूट साधी नायलॉन दोरी पुरते, निमुळत्या लीडरचा (लाइन आणि फ्लायमधल्या खास दोरीचा) खर्च वाचतो.

एका मित्राने त्याचं जुनं स्कॅजिट हेड देऊ केलं, पण त्यावरचा आकडा पुसून गेला होता. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ते गुंडाळून ठेवलं : ३१ ग्रॅम. एका ग्रॅमला १५.४३ ग्रेन, म्हणजे ४७८. त्याच संध्याकाळी नदीवर गेलो. पहिल्यांदाच रॉड थेट मुठीपर्यंत वाकला आणि लाइन सुटताना खालच्या हाताला ओढ जाणवली. तो क्षण मी विसरणार नाही.

रीलवर, म्हणजे लाइन गुंडाळायच्या चक्रीवर, मी फार विचार केला नाही, फक्त दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे वजन : लांब रॉडला हलकं रील लावलं की टोक खाली झुकतं आणि वरचा हात दमतो. दुसरी म्हणजे बंद चौकट. हेडमागची बारीक दोरी, म्हणजे रनिंग लाइन, मी साध्या ३० पौंडी मोनोफिलामेंटची (एकपदरी नायलॉनची) ठेवली आहे, ती स्वस्तात पडते. पण ती बारीक असल्याने उघड्या चौकटीच्या रीलमध्ये फटीतून बाहेर निसटते. तिची वेटोळी राहतात, म्हणून फेकण्याआधी ती हात-हात ओढून ताणून घ्यावी लागते.

सराव पाण्यावरच करावा. गवतावर लाइनचं टोक धरून ठेवायला काही नसतं, त्यामुळे रॉडवर ताण येत नाही. सुरुवातीला मी गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधत असे, कारण चुकलेला डबल स्पे (स्पे फेकीचा एक प्रकार) सरळ कानाजवळून जातो.

आणि सांध्यांवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळा. या फेकीत रॉडला पीळ बसतो, तुकडे हळूहळू फिरतात, सैल होतात आणि सैल सांधाच तडकतो. अर्ध्या तासाने कड्या एका रेषेत आहेत ना, हे मी आजही बघतो.

आता त्याच रॉडसाठी स्कँडी हेड शोधतोय, स्कॅजिटपेक्षा ३० ते ५० ग्रेन हलकं. ४३० ते ४५० च्या आसपासचं वापरलेलं मिळालं, तर नवीन घेणार नाही.