आमची वाटचाल : एका फायलीत चार भाषा

सांगलीत वेबसाइटचं काम सुरू केलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, शाळा आणि हळद-बेदाण्याचे अडते. साइट करून देण्यात फारसं सुटत नव्हतं. पैसा होता वर्षाच्या मेंटेनन्समध्ये, आणि घोडं तिथंच पेंड खायचं. सर्व्हरवर चालणारी पीएचपी, पानाचा सांगाडा मांडणारी एचटीएमएल, ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट, डेटाबेसकडून माहिती मागणारी एसक्यूएल, सगळं एकाच फायलीत गुंतलेलं. लिहिणारा पोरगा पुण्याला गेला की ठेवीचा व्याजदर बदलायलाही दुसरा कुणी धजायचा नाही.

पीएचपी-फिग या गटानं 2012 साली पीएसआर-1 आणि पीएसआर-2 हे पीएचपीचा कोड लिहिण्याचे नियम काढले, 2019 मध्ये पीएसआर-12 आला. चार स्पेसचं इंडेंट, म्हणजे आतली ओळ तेवढी आत सरकवायची, ओळ शक्यतो 120 अक्षरांच्या आत. ते आम्ही जसेच्या तसे उचलले. पण ते पीएचपीपुरते. भेसळीच्या फायलीसाठी आमचं आम्हालाच ठरवावं लागलं. माहिती आणणं, हिशेब करणं हे सगळं वर. खाली एचटीएमएल, त्यात फक्त छापणं, अट आणि लूप, म्हणजे तेच काम प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा करणं. लूप महिरपी कंसानं नाही, 'एंडफॉरईच'नं बंद करायचा. लांबलचक तक्त्याखाली एकटा कंस दिसला तर तो कुणाचा हे हुडकत बसावं लागतं. जावास्क्रिप्टला माहिती हवी तर एचटीएमएलच्या टॅगवर लिहिलेल्या डेटा अ‍ॅट्रिब्यूटमधून द्यायची, स्क्रिप्टच्या मध्येच पीएचपी घुसडायची नाही.

निव्वळ पीएचपीच्या फायलीत शेवटी पीएचपी बंद करणारा टॅग (?>) लिहायचाच नाही, हे नव्या मुलांना विचित्र वाटतं. त्या टॅगनंतर जादा रिकाम्या ओळी राहिल्या तर त्या आधीच ब्राउझरकडे निघून जातात. मग लॉगिननंतर दुसऱ्या पानावर पाठवायला जावं, तर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही चूक, म्हणजे मजकूर आधीच निघालाय, आता पाठवणी होत नाही. मराठी मजकुरापायी हीच गत जुन्या नोटपॅडनं व्हायची. युटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, सेव्ह केलं की तो फायलीच्या तोंडाशी न दिसणारे तीन बाइट चिकटवायचा. पोरं शेवटची ओळ तपासतायत, आणि दुखणं पहिल्या ओळीच्याही आधी! आता प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एडिटरकॉन्फिगची फाइल असते, ती एन्कोडिंग आणि इंडेंट दोन्ही सांभाळते. टॅब की स्पेस हा वाद चहाच्या टपरीवर अजून चालतो. चालू दे.

बाहेरची जुनी साइट मेंटेनन्सला आली की कोटेशनआधी मी सभासद यादीचं पान उघडतो. तक्त्याच्या मधोमध एसक्यूएलची क्वेरी दिसली तर दर वेगळा सांगतो. सचिवसाहेब घासाघीस करतातच.