भिंतीवरचं संत्रं

वर्ध्याहून नागपूर रेल्वेने तास-सव्वा तास. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन ते काय करायचं! पण मुलांच्या चित्रपुस्तकांची मूळ जलरंगचित्रं मांडलीत असं कळलं आणि डिसेंबरातल्या एका रविवारी सात वर्षांच्या भाचीला घेऊन निघाले. स्टेशनावरून मेट्रोने बर्डी, तिथे पोहे. भाचीच्या प्लेटीत तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, नको म्हटलं तर पोहेवाले काका म्हणाले, "मंग पोहे कायले खाता?"

सिव्हिल लाइन्समधलं दालन छोटंसं, दिवे मंद. "लाइट गेली का?" भाचीचा पहिला प्रश्न. उजेडाने जलरंग उडतात, म्हणून संग्रहालयांतही अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच प्रकाश ठेवतात. इथला एक दिवा मात्र नेमका काचेवर चमकत होता. बैलगाडीच्या चित्रात मला निम्मा वेळ माझाच चष्मा दिसला.

पावसाच्या चित्रापाशी आम्ही रेंगाळलो. जवळ गेल्यावर लक्षात आलं, पावसाच्या पांढऱ्या रेघा रंगवलेल्याच नाहीत. तो कोरा कागद आहे! आधी मास्किंग फ्लुइडने, म्हणजे रबरासारख्या द्रवाने, रेघा झाकायच्या, वरून करडा-निळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, द्यायचा आणि वाळल्यावर ते रबर बोटाने चोळून काढायचं. एके ठिकाणी त्याच्याबरोबर कागदाचं सालही निघालं होतं. पुस्तकात ते कुठलं दिसायला!

"वरचं आभाळ रंगवायचं राहिलंय," भाचीने चूक काढली. ती जागा गोष्टीच्या ओळींसाठी सोडलेली. दोन पानं जुळतात तिथे, मधोमध, एकही चेहरा नव्हता. नाहीतर नाक शिवणीत जायचं.

बाजाराच्या चित्राखाली छापील पुस्तक दोरीने बांधून ठेवलं होतं. भिंतीवरची संत्री अशी झळझळीत की हात पुढे व्हावा. पुस्तकातली तीच संत्री मलूल. छपाईत नारिंगी रंग पिवळ्या आणि मजेंटा ठिपक्यांतून जुळवावा लागतो, त्यात ही झळाळी उतरत नाही. भाचीने चार वेळा मान वर-खाली केली. तरीही मी पुस्तक विकत घेतलंच.

परतताना बर्डीवर डझनभर संत्री घेतली. गाडीत भाचीने पुस्तक उघडलं, एक संत्रं त्या पानावर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, हे भिंतीवरचं आहे."