तिकिटावरचा रंग

आज जोहान्सबर्गच्या अपार्थाइड म्युझियमला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या सरकारी वर्णभेदाच्या संग्रहालयाला गेलो. तिकीट हातात पडलं आणि कळलं, मी 'गोरा'! बायको 'बिगर-गोरी'. तिथे तिकिटं अशीच, चिठ्ठी निघावी तशी वाटतात आणि ज्याच्या त्याच्या दारानेच आत जायचं. इतक्या वर्षांचा संसार, आणि मध्ये जाळी. आधी खिदळलो, फोटो काढले. मग आतली जुनी ओळखपत्रं दिसायला लागली. खरी, माणसांचे फोटो असलेली. पुढे फारसं कोणी बोललं नाही.

१९५० च्या कायद्याने प्रत्येकाचा वंश सरकारदरबारी नोंदला जायचा. शंका आलीच तर केसांत पेन्सिल खोचायची. पडली तर गोरा, अडकली तर नाही. अशाने सख्खी भावंडंसुद्धा वेगवेगळ्या रकान्यांत गेली. एका पेन्सिलीवर घर, शाळा, लग्न!

१९९१ मध्ये तो कायदा गेला, १९९४ ला सगळ्यांनी मत दिलं. पण वर्णभेदाच्या काळात काळ्यांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्या आहेत तिथेच आहेत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आजही अशाच एका वस्तीतून, सोवेटोहून, दोन टॅक्सी बदलून येतात. उलट लेकीच्या वर्गातली पोरं सर्रास एकमेकांच्या डब्यात हात घालतात, म्हणजे काहीतरी हललंय खरं.

परतताना फोन बघितला. घरच्या ग्रुपवर भाच्यासाठी मजकूर आलाय: 'गोरी, स्वजातीय हवी.' खाली अकरा अंगठे.

त्यातला एक माझा, सकाळचा.