खंडूला व्हेनिसला न्यायचं की नाही

आईबाबा फलटणहून आमच्याकडे श्टुटगार्टला आलेत, 90 दिवसांचा व्हिसा आहे आणि त्यांना व्हेनिस बघायचंय, इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग तिकिटं काढायला बसलो तर बाबा म्हणाले, "आणि ह्याचं काय?"

हा म्हणजे खंडू. 24 किलो वजन, एक कान उभा आणि एक पडलेला, मूळचा रोमानियातला, आम्ही त्याला इथल्या प्राण्यांच्या आश्रमातून आणला. आल्याआल्या आईने "स्वयंपाकघरात नाही हं यायचं" असा दम दिला होता, आणि दहाव्या दिवशी त्याच्यासाठी बिनमिठाची वेगळी पोळी लाटायला लागली. खंडोबाचं नाव दिलंय म्हटल्यावर उपाशी कसं ठेवायचं, हे तिचं म्हणणं. इथे कुत्रा पाळायचा तर नगरपालिकेला दरवर्षी कर भरावा लागतो हे ऐकून मात्र ती म्हणाली, "मग त्याची पण घरपट्टीच की!"

फलटणला हा प्रश्न कधी पडलाच नाही हो. घरात कोणी ना कोणी असतंच, नाहीतर शेजारच्या काकू भाकरी टाकतात. इथे आम्ही घरात दोघंच, त्यामुळे सुट्टी ठरवताना पहिला विचार कुत्र्याचा.

न्यायला तशी कायद्याची आडकाठी काही नाही. युरोपात कुत्र्याचा निळा पासपोर्ट असतो, त्यात मायक्रोचिपचा नंबर आणि रेबीजच्या लशीची नोंद (पहिली लस असेल तर ती घेऊन 21 दिवस व्हायला हवेत), बस, एवढ्यावर तो इटलीत जाऊ शकतो. ट्रेनमध्ये मांजराएवढा कुत्रा पेटीत घालून नेला तर फुकट, पण खंडूएवढ्याला निम्म्या दराचं तिकीट, साखळी आणि तोंडाला मुसकं. मुसकं म्हटल्यावर बाबा हसायलाच लागले, मळणीच्या बैलाला बांधायचो ते, म्हणाले. मी घरी पाच मिनिटं घालून बघितलं तर हा पुढच्या पंजांनी नाक खरवडत सोफ्याखाली जाऊन बसला आणि बाहेरच येईना. आणि आम्हाला म्युनिकला गाडी बदलून ब्रेनर घाटातून व्हेरोनामार्गे जायचं, म्हणजे आठ तासांच्या वर प्रवास, त्यात ऑगस्टचं ऊन, तापलेले दगडी रस्ते, आणि म्युझियममध्ये कुत्रा नेता येत नाही म्हणजे एक जण कायम बाहेर सावली शोधत उभा. डॉक्टरीणबाईंनी वर सांगितलं की इटलीत वाळूमाशी चावून कुत्र्यांना लेशमानिया होतो, आपल्याकडच्या काळा आजाराच्या जातीतलाच, त्यामुळे नेणार असाल तर आधीपासून माशी दूर ठेवणारा पट्टा घाला.

म्हणजे ठेवायचाच. पण कुठे?

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक चूक केलीय. गावाबाहेरच्या एका कुत्र्यांच्या वसतिगृहात, दिवसाला 28 युरो देऊन, त्याला थेट आठ दिवस ठेवला. जागा स्वच्छ होती, धावायला मैदान होतं, रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचा, पण पठ्ठ्याने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही आणि आम्ही तिकडे समुद्रकिनारी बसून फोटो मोठा करकरून त्याची वाटी भरलेली आहे का रिकामी ते बघत होतो. नंतर कळलं की शहाणे लोक आधी एका रात्रीसाठी ठेवून बघतात, सोबत घराचा वास असलेली चादर देतात. शिवाय शाळेच्या सुट्ट्यांत अशा जागा महिनोन् महिने आधी भरतात, यंदा विचारलं तर जागाच नव्हती.

(भारतात का नेत नाही, हे दर दिवाळीला कोणीतरी विचारतंच. केबिनमध्ये साधारण पिशवीसकट 8 किलोपर्यंतचेच कुत्रे चालतात, म्हणजे खंडू सामानाच्या पोटात. आणि रेबीजमुळे भारतातून परत युरोपात यायला रक्ताची तपासणी लागते, लस दिल्यावर किमान 30 दिवसांनी नमुना, ती इथूनच करून निघालो नाही तर तिकडे नमुना दिल्यापासून तीन महिने थांबायचं. चुलत भावाच्या लग्नासाठी एवढं कोण करणार, खंडूला तर बुंदीही चालत नाही.)

शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजी धावून आल्या. हिवाळ्यात त्या मुलीकडे जातात तेव्हा त्यांच्या मांजराचं आम्ही बघतो. इथल्या प्राणी संरक्षण संघटनेची जुनी मोहीमच आहे, "तू माझं जनावर घे, मी तुझं घेतो", आपण ह्याला शेजारधर्म म्हणतो.

अडचण एकच, खंडूला जर्मन येत नाही. म्हणजे रोमानियन विसरला असेल आणि आमच्याकडे सगळं मराठीत, "बस", "थांब", "सोड ते". मग आईने आजींची शिकवणी घेतली. एकमेकींची भाषा शून्य, मध्ये कुत्रा. "थांब" काही जमेना, आजी ठणठणीत "टांब!" म्हणायच्या, खंडू मान वाकडी करून आईकडे बघायचा, आणि आईने हळूच मान डोलावली की बसायचा. मी म्हटलं आई, तू नसशील तेव्हा कोण मान डोलावणार? त्यावर तिने उत्तर दिलं नाही, डब्यात पोळ्या मोजत बसली. पाच दिवसांच्या दहा, आणि दोन जास्तीच्या, गाडी उशिरा आली तर म्हणून. इथल्या गाड्यांचा अनुभव तिला दोन महिन्यांत पुरेसा आला होता.

आम्ही व्हेनिसला पोचलो ते 15 ऑगस्टला, तिकडेही सुट्टीच, फेर्रागोस्तो, रिआल्तोच्या पुलावर पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत आईने व्हिडिओ कॉल लावायला लावला. आजी ओरडल्या, "खंडू, टांब!" आणि हा चक्क बसला. आईने "खंड्या, अरे खंड्या" अशा चार हाका मारल्या, त्याने फोनचा वास घेतला, चाटला, आणि आजींच्या हातात पोळीचा तुकडा दिसला तसा निघून गेला.

"एवढ्यात विसरला होय गं?" आई म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास तिने कालव्याकडे धड बघितलं पण नाही.